घरी जायचं साल

माझी मोठी बहीण, आमची बाई, नागभीडजवळच्या एका खेड्यात एकटीच राहते. त्या वर्षी उन्हाळ्यात तिची दुभती गाय वाघानं नेली आणि धानाच्या रोवणीच्या दिवसांत शेतातल्या बांधाच्या धुऱ्यावरून घसरून तिच्या मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झाल्यावर आम्ही तिला चंद्रपूरला आमच्या घरी आणलं.

डॉक्टर म्हणाले, चाला. ती चालेना. वॉकर भिंतीशी उभा आणि बाई खाटेवर.

"हे सालच खराब हाय," ती म्हणायची. "हे सरू दे, मंग पाहू."

मी कॉलेजात इतिहास शिकवायचो. निवृत्तीनंतर चीनवरची पुस्तकं वाचायचा नाद लागला होता. एका दुपारी तिच्याजवळ बसून सांगू लागलो, "बाई, आपला शक एकदा सुरू झाला की चालूच राह्यते. चीनच्या राजायचं तसं नव्हतं. राजा गादीवर बसला की आपल्या वर्षांले नाव देई. अखंड सुख, मोठी शांती, असं काहीतरी. पुढं दुष्काळ पडला, नाईतर काही शुभ दिसलं, तर जुनं नाव टाकून नवं घे. अन् वर्षं पुन्हा एकपासून मोजत."

"सालाच्या मधातच?"

"कधी कधी मधातच."

"अन् नाव बदलवल्यानं पाणी पडे?"

"नाई पडत असंन."

"मंग काऊन बदलवत?"

मी म्हटलं, "लोकांले वाटत असंन, झालं ते मागं राह्यलं."

ती कूस बदलून पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेत होतो, तर वॉकरची खटखट ऐकू आली. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभी. घामानं चेहरा चिंब, ओठ घट्ट मिटलेले. माझी बायको हातातली कढई टाकून धावली.

"हात नको लावू," बाई म्हणाली. "आजपासून नवं साल. घरी जायचं साल."

बायकोचा चेहरा उतरला. दोन माणसांच्या आमच्या घरात इतक्या दिवसांनी तिला बोलायला कुणी मिळालं होतं. पण हार मानणारी तीही नव्हती, आणि चीनच्या राजांची गोष्ट तिनंही स्वयंपाकघरातून ऐकली होती.

"या घरची राणी मी हावो, बाई. मी नाव ठेवलं, राहायचं साल."

"तुह्या सालात तू राह्य," बाई म्हणाली आणि खुर्चीत बसून हसायला लागली. गाय गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मग आम्ही तिघंही हसत राहिलो.

त्यानंतर रोज सकाळी दोघींचा हाच वाद. एक म्हणायची जाते, दुसरी तिला आवडते म्हणून जवसाची चटणी वाटायची. वाद घालता घालता बाई आधी अंगणापर्यंत आणि मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत चालू लागली.

धान कापणीला आलं तेव्हा मी तिला गावी पोचवून आलो. शेजारणी ओट्यावर वाट पाहत होत्या. त्यांच्यात बसल्यावर ती मला विसरूनच गेली.

घरी परतलो तर बायको बाईच्या खाटेवर बसून फोनवर बोलत होती. "बाई, थंडी पडली की मी येतो तिकडं," ती सांगत होती. "यायले राहू दे इथंच, आपली पुस्तकं वाचत. मी एकटीच येतो."