काचेच्या खाडीत चिंबोरीला जागा नाही

मंडळातल्या मैत्रिणींनो, माझ्या काचेच्या पेटीला हसलात ना? मग आजची हकीकत ऐका.

पेटी घरीच बांधली, पलंगाएवढी. सांधे होडीसारखे राळेने बुजवले. अर्धी चिखलाची, अर्धी खाडीच्या पाण्याची. दिरांचा आग्रह होता की कमळे लावा आणि मुंबईहून आगबोटीने रंगीत मासे मागवा. खाऱ्या पाण्यात ते जगणार कसे? मी साफ नकार दिला. खाडीकाठच्या तिवराची रोपे लावली आणि निवट्या, म्हणजे चिखलात उड्या मारणारे छोटे मासे, सोडल्या.

मासळी विकायला येणारी हिराबाई रोज चिडवायची, "काय गो बाय, कालवनाची निवटी काचंत ठेवून पूजतेस?"

आज तिने नांग्या बांधलेली मोठी चिंबोरी आणली. "हिला पन सोड, शोभा येल."

"ती निवट्या फस्त करील. तिची जागा कालवणात," मी म्हटले.

तेवढ्यात एक निवटी पाण्याबाहेर आली, तिवराच्या रोपावर चढली आणि तिने पाठीवरचा पर ताठ उभारला. हिराबाई पाटी उतरवून खालीच बसली.

"जल्मभर खाल्ली, पन अशी कदी बगितली न्हाय गो."

मला अभिमान वाटला, तो लपवणार नाही. तुम्ही रोज जे शिजवता, ते कधी जिवंतपणी निरखले आहे का?