धुऊन आणलेली टोपी

आमच्या आरोग्य केंद्रात जन्मणाऱ्या बाळांसाठी मी लोकरीच्या टोप्या विणून देते. परवा नव्या टोप्या घेऊन गेले, तर वीटभट्टीवरची एक पोरसवदा बाई सिस्टरांच्या टेबलापाशी उभी होती. तिच्या हातात मी विणलेली पिवळी टोपी होती, स्वच्छ धुतलेली.

“सिस्टर, ही परत द्यायची होती.”

“अगं, ती तुझ्या बाळाचीच आहे.”

“बाळ गेलं. चौथ्या दिवशी गार पडलं. कुणाच्या तरी लेकराला होईल.”

मला माझ्या विणकामाची लाज वाटली. भट्टीवरच्या झोपडीला भिंत म्हणजे प्लास्टिकचा कागद. तिथल्या थंडीला ही मूठभर लोकर कुठवर पुरणार? तरी आपण विणतो, देऊन येतो आणि काहीतरी केल्याच्या समाधानात शांत झोपतो.

सिस्टरांनी तिला बाकावर बसवलं, कपाळाला हात लावला. “अंगात ताप आहे तुझ्या. कधीपासून? अंगावरून जास्त जातंय का? जेवतेस ना नीट?”

इतका वेळ कोरड्या डोळ्यांनी बोलणारी ती, ओंजळीत तोंड लपवून रडू लागली.

“बाळ गेल्यापासून,” ती म्हणाली, “मला कुणी काही विचारलंच नव्हतं.”