‘मस्ट’ कुणी लिहायचं

माझे वडील भालचंद्रपंत मुळे ग्वाल्हेरच्या सचिवालयात हेडक्लार्क होते आणि त्यांना आपल्या इंग्रजीचा भयंकर अभिमान होता. कुठे ‘शॅल’, कुठे ‘शुड’, कुठे ‘मे’ आणि कुठे ‘मस्ट’, हे विचारायला मोठमोठे अधिकारी त्यांच्या टेबलाशी येत. बाबा म्हणत, “क्रियापद कुणालाही येतं. त्याच्या आधी काय लावायचं, ते माणूस पाहून ठरवावं लागतं.” माणूस पाहून म्हणजे काय, हे मला छप्पन साली कळलं.

त्या वर्षी राज्यांची पुनर्रचना झाली. राजधानी भोपाळ ठरली आणि सचिवालयातल्या माणसांना तिकडे जाण्याचे हुकूम सुटू लागले. ज्यांना अडचण होती त्यांनी इंग्रजीत अर्ज द्यायचा होता. मी नुकतीच टायपिंग शिकले होते, म्हणून बाबांनी आपला अर्ज मलाच सांगितला. आईचा दमा, माझं ठरत आलेलं लग्न, सगळं घातलं. मग म्हणाले, “लिही, आय कॅनॉट लीव्ह ग्वालियर. आय मस्ट बी रिटेन्ड हिअर. आता दरबार राहिला नाही, पद्मा. साफ लिहावं लागतं.”

दुसऱ्या दिवशी कान्होजी आले. ते त्याच कचेरीत दफ्तरी होते, फायली बांधायचे आणि लावायचे. किला गेटजवळ एका खोलीत आंधळ्या आईबरोबर राहायचे.

“पंत, साफ लिहा,” ते म्हणाले. “मी नाही जाऊ सकत. म्हातारीला कोण बघेल?”

“तू निश्चिंत राहा रे,” बाबा म्हणाले.

बाबांनी मला सांगितलेल्या त्यांच्या अर्जात आई आंधळी आहे एवढं आलं. पुढे ‘मे काइंडली बी कन्सिडर्ड’ आलं. आणि शेवटी जुन्या दरबारी अर्जात असायची तशी ओळ आली, की हुजुरांची मर्जी असेल तिथे जायला सेवक तयार आहे. कान्होजी गेल्यावर मी विचारलं, “यांना मस्ट का नाही?”

“दफ्तऱ्याच्या तोंडी ते शोभत नाही,” बाबा म्हणाले.

खोटं कशाला बोलू, तेव्हा मलाही ते पटलं होतं.

बाबांचा अर्ज मंजूर झाला. कान्होजींच्या अर्जावर नव्या अधिकाऱ्याने शेरा मारला: अर्जदार जायला तयार आहे, पाठवावे. तो बाहेरून आलेला माणूस, आमची दरबारी अदब त्याला कुठून ठाऊक असणार? जे लिहिलं होतं तेच त्याने वाचलं.

म्हातारीला शेजाऱ्यांच्या भरवशावर सोडून कान्होजी निघाले. आदल्या दिवशी नमस्कार करायला आले, तेव्हा त्यांनी खिशातून अर्जाची नक्कल काढली.

“पंत, एकदा मराठीत वाचून दाखवा. म्हातारी विचारते, की साफ लिहिलं होतं ना?”

बाबांनी चष्मा लावला. कागदावरची नजर न हलवता ते वाचू लागले, “मी ग्वाल्हेर सोडू शकत नाही. माझी आई आंधळी आहे. मला इथेच ठेवलं पाहिजे.” एकाही शब्दाला अडखळले नाहीत. आंधळ्या आईची ओळ सोडली तर ते सगळं आमच्या अर्जातलं होतं. मी तिथेच उभी होते, पण तोंड उघडलं नाही.

कान्होजींनी तो कागद कपाळाला लावला. “एवढं साफ लिहूनही ऐकलं नाही, तर मग माझंच नशीब,” म्हणाले आणि बाबांच्या पायांवर वाकले.

बाबांनी पाय मागे घेतले नाहीत.