सिस्टर आणि पाच बंदरं

सिस्टर कुठल्याही नव्या जागी गेल्या की आधी संडास कुठे आहे ते बघून ठेवायच्या. मग पिण्याचं पाणी, मग सावली, मग बसायला जागा. लग्नाला गेलो तरी तेच. आम्ही हॉलच्या दारात कुणी ओळखीचं दिसतं का ते शोधत असायचो, तोवर सिस्टर आत एक चक्कर मारून आलेल्या असायच्या. "जिन्याखाली डाव्या हाताला आहे, स्वच्छ आहे. आणि मागच्या रांगेतला पंखा चालतो, तिकडे बसा." एवढं झालं की मगच नवरा-नवरी कसे दिसतात त्याची चौकशी.

आमच्या नाशिकच्या कॉलनीत त्यांचं खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं परिचारिका होत्या, म्हणून सिस्टर. वडील मनमाडला रेल्वेत गँगमन. नर्सिंगच्या शिक्षणासाठी मनमाडहून नाशिकला आल्या आणि इथल्याच झाल्या. लग्न केलं नाही. आमच्या खालच्या मजल्यावर एकट्या राहायच्या, पण एकट्या अशा क्वचितच असायच्या. कुणाचं ड्रेसिंग, कुणाचं इंजेक्शन, कुणाला नुसतं विचारायचं असायचं की छातीत दुखतंय ते पित्ताचं का दुसरं काही.

रिटायर झाल्यावर तिसऱ्या वर्षी एका संध्याकाळी त्या आमच्याकडे आल्या. मी आणि माझी बायको शैला चहा घेत होतो. सिस्टर बसल्याही नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, सगळं आयुष्य रुळावरून फिरले. आता पाण्यावरून जायचंय. येता का दोघं?" हातात छापील पत्रक होतं. भूमध्य समुद्रातली क्रूझ. बार्सेलोनाला चढायचं, मग मार्सेय, जेनोवा, चिविताव्हेक्किया, नेपल्स, पालेर्मो. यातल्या चौथ्या नावावर शैला अडखळली आणि तिने त्याचं तिथल्या तिथे चिवडा करून टाकलं. पुढे आम्ही सगळेच त्या बंदराला चिवडा म्हणायला लागलो.

आम्हा तिघांचीही ती पहिलीच क्रूझ. आम्हाला वाटलं, पैसे भरले की जहाजवालेच सगळं दाखवतील. दाखवतातही. प्रत्येक बंदरावर त्यांची बस असते, गाईड असतो, गाईडच्या हातात काठीला लावलेला झेंडा असतो आणि मागे चाळीस माणसं. सिस्टरांनी त्याचा व्हिडिओ बघितला आणि फोन बाजूला ठेवला. "चौतीस वर्षं डॉक्टरांच्या मागून राऊंड घेतला. ते थांबले की थांबायचं, ते निघाले की निघायचं. आता कुणाच्या मागून फिरणार नाही. आपलं आपण उतरायचं."

"आणि चुकलो तर?" शैलाने विचारलं.

"त्यासाठीच आधी लिहून काढायचं."

त्यांनी लांबट रजिस्टर आणलं, वॉर्डात असतं तसलं. एका बंदराला चार पानं. जहाज लागायची वेळ निळ्या शाईत, परत चढायची वेळ लाल शाईत. लाल वेळेच्या तासभर आधी पुन्हा एक लाल रेघ. ती सिस्टरांची स्वतःची. "कंपनीच्या बसमधून गेलेल्यांना उशीर झाला तर जहाज थांबतं. आपण स्वतंत्र. आपल्यासाठी थांबणार नाही," हे वाक्य त्यांनी आमच्याकडून म्हणून घेतलं होतं. फोनवरच्या नकाशात रस्त्यावर उभं राहून आजूबाजूला बघता येतं, हे त्यांना कुणीतरी दाखवलं. मग काय, दुपारी जेवण झालं की सिस्टर मार्सेयच्या फुटपाथवर. "या बाकावर सावली असते, पण तो फोटो सकाळचा आहे," असं काहीतरी मला जिन्यात भेटून सांगायच्या.

नुसत्या रजिस्टरावर त्यांचं समाधान नव्हतं. प्रत्येक बंदराची तालीम झालीच पाहिजे. जेनोवाच्या अरुंद गल्ल्यांसाठी आम्ही सराफ बाजारातून भांडीबाजारात चालत गेलो, तेही रविवारच्या गर्दीत. जेनोवाला खिसेकापू फार, असं त्यांनी वाचलं होतं. म्हणून चालता चालता त्या स्वतःच शैलाच्या पर्सची चेन उघडायच्या. तिसऱ्या वेळी शैलाच्या लक्षात आलं आणि तिने मागे न बघता हातावर चापट मारली. ती एका भलत्याच बाईंच्या हाताला लागली. सिस्टरांनी त्या बाईंची माफी मागितली आणि शैलाला म्हणाल्या, "पास झालीस."

मार्सेयला टेकडीवर चर्च आहे. त्या चढासाठी आम्ही लेण्यांवर गेलो. आम्ही पांडवलेणी म्हणतो, सिस्टर त्रिरश्मी लेणी म्हणायच्या. वर बुद्धमूर्तीपाशी त्या थोडा वेळ डोळे मिटून बसायच्या, त्यामुळे ही तालीम त्यांच्या आवडीची. मी मात्र अर्ध्या पायऱ्यांवरच बसलो. दोन वर्षांपूर्वी माझ्या हृदयात स्टेंट बसवली होती. सिस्टरांनी माझं मनगट धरून घड्याळात बघितलं. दुसऱ्या दिवशी रजिस्टर उघडलं तर चिवड्याच्या पानावरचं रोम खोडलेलं होतं.

त्या बंदरापासून रोम रेल्वेने तासाभरावर आहे. बहुतेक लोक त्यासाठीच तिथे उतरतात. सिस्टरांनी आमच्यासाठी त्याच गावातला बाजार, समुद्राकाठचा रस्ता आणि दुपारचं जेवण लिहिलं होतं.

"भाऊ, तुमच्या अंगात दिवसाला चार तास आहेत," त्या म्हणाल्या. "रोमला नऊ लागतात."

मला राग आला. मी महापालिकेत आरेखक होतो. एकतीस वर्षं लोकांच्या घरांचे नकाशे ट्रेस केले. चौकोनी खोल्या, चौकोनी गॅलऱ्या, चौकोनी जिने. पाण्याची टाकी सोडली तर गोल असं काही माझ्या टेबलावर कधी आलं नाही. रोममध्ये पँथिऑन नावाची जुनी इमारत आहे, तिला प्रचंड घुमट आहे आणि घुमटाच्या मधोमध उघडं भोक. ऊन, पाऊस सरळ आत. त्याचा छेद, म्हणजे इमारत मधोमध कापल्यासारखा नकाशा, मी पुस्तकातून कितीदा काढला असेल. मला बाकीचं रोम नको होतं, तेवढं एक हवं होतं. पण सिस्टरांशी वाद कोण घालणार. मी मनात धुमसत राहिलो.

बार्सेलोनाला जहाजावर चढलो. मार्सेय आणि जेनोवा रजिस्टरबरहुकूम पार पडली. आम्ही तिघं कुठेही न धावता, न हरवता, वेळेआधी जहाजाच्या शिडीपाशी असायचो. जेनोवाहून निघाल्यावर संध्याकाळच्या चहाला मी सांगून टाकलं, "उद्या मी रोमला जाणार. एकटा."

शैलाचा कप हातातच राहिला. सिस्टरांनी मला दोन-तीन प्रश्न विचारले. झोप लागली का, दम लागतो का, गोळ्या किती शिल्लक आहेत. मग रजिस्टरचं कोरं पान काढून लिहायला लागल्या. पान माझ्यापुढे सरकवलं. 'मला धोका समजावून सांगितला आहे. मी स्वतःच्या जबाबदारीवर जात आहे.' खाली सहीसाठी रेघ.

"हे काय?"

"डामा. डॉक्टरांनी नको म्हटलेलं असताना पेशंट घरी निघतो, तेव्हा सही घेतात. करा."

मी हसत सही केली. सिस्टर हसल्या नाहीत. सकाळी त्यांनी माझ्या गळ्यात एक पाऊच अडकवलं. त्यात पासपोर्ट, तीन दिवसांच्या गोळ्या आणि एक जाड कार्ड. कार्डावर वेळा होत्या. घुमटाखालून एक वाजता उठायचं, दोनच्या सुमाराची गाडी पकडायची, साडेतीनला बंदर. साडेचारला जहाजाचं दार बंद. "शैलाला मी सांभाळते," त्या म्हणाल्या. "तुम्ही तुम्हाला सांभाळा."

मी अकराच्या सुमाराला आत शिरलो. त्या घुमटाबद्दल काय सांगू. पुस्तकात तो मी वीतभर काढायचो, तिथे मान मागे टाकली तरी संपेना. वरच्या भोकातून उन्हाचा एक मोठा गोल आत पडला होता. तो भिंतीवरून हळूहळू खाली उतरत होता. मी बाकावर बसलो. गोल फरशीवर आला. लोक त्याच्यात उभे राहून फोटो काढत होते, गोल त्यांच्या पायाखालून पुढे सरकत होता. आता तो कुठे जातो तेवढं बघू, म्हणून बसून राहिलो. घड्याळात एक वाजलेला मी बघितला. खरं सांगतो, बघितला. गाडीचा दोष नाही, रस्त्याचा नाही, तब्येतीचाही नाही. मला उठावंसं वाटलं नाही. उठलो तेव्हा पावणेतीन झाले होते.

मग धावपळ, चुकीचं वळण, सुटलेली गाडी. बंदरात पोहोचलो तर पाच वाजून गेलेले, आणि धक्क्याशी नुसतं पाणी. आमचं पांढरं जहाज बंदराच्या भिंतीबाहेर संथपणे वळत होतं. एवढ्यात फोन वाजला. किनारा जवळ होता, म्हणून लागला. शैला रडत होती, शब्द कळत नव्हते. मग सिस्टरांचा आवाज आला, अगदी वॉर्डातला.

"भाऊ, उभे आहात का?"

"हो."

"आधी बसा. पाणी प्या. छातीत दुखतंय?"

"नाही."

"मग कार्ड उलटं करा."

कार्डाला मागची बाजू असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिथे लाल शाईत लिहिलं होतं: जहाज चुकल्यास. याच स्टेशनवरून परत रोम, तिथून नेपल्सची गाडी. नेपल्स स्टेशनसमोरच्या दोन लॉजची नावं, पहिलं भरलेलं असेल तर दुसरं. रात्रीची गोळी जेवणानंतर. सकाळी टॅक्सीने बंदर. बंदराच्या दारासमोर जुना किल्ला आहे, त्याच्या भिंतीशी सावलीत बसायला जागा. 'आम्ही तिथेच येतो.'

मी ओळीनुसार करत गेलो. पहिलं लॉज भरलेलं होतं, दुसऱ्यात जागा मिळाली.

सकाळी किल्ल्याच्या भिंतीशी बसलो होतो. जहाज धक्क्याला लागलं, दार उघडलं आणि सगळ्यांत आधी सिस्टर उतरल्या. मागे शैला. शैला माझ्याशी दुपारच्या जेवणापर्यंत बोलली नाही, आणि तो तिचा हक्कच होता. पुढे तिने सांगितलं की आदल्या दिवशी साडेतीनपासून सिस्टर शिडीपाशी उभ्या होत्या. तिथल्या अधिकाऱ्यांना त्यांनी आपल्या इंग्रजीत तीनदा विनंती केली. दार बंद झालं तेव्हा शैलाचा हात धरून म्हणाल्या, "भाऊ उद्या नेपल्सला भेटतील." शैलाला वाटलं, नुसता धीर देतायत.

सिस्टर माझ्या शेजारी बसल्या. मनगट धरलं, घड्याळात बघितलं, सोडलं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर हातानेच थांबवलं.

"चौतीस वर्षांत अशा किती सह्या घेतल्या, भाऊ. सही करून गेलेलं माणूस परत येऊन कधी सांगत नाही. एक तर येत नाही, नाहीतर वाईट होऊन येतं. तुम्ही आलात. आता सांगा, कसा होता घुमट?"

मी सांगितलं. उन्हाचा गोल भिंतीवरून कसा उतरला, लोकांच्या पायांखालून कसा गेला, सगळं. त्या मन लावून ऐकत होत्या.

"आणि पाऊस आला की?"

"फरशीला बारीक भोकं आहेत. पाणी खाली जातं."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

पालेर्मोच्या दिवशी त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं. त्यांनी लिहिलेली पानं तशीच होती, पण पेन माझ्या हातात दिलं. "आजचं तुम्ही ठरवा." मी बाजार ठरवला, एक मोठं नाट्यगृह ठरवलं आणि भर दुपारी तिघांना उन्हात दोन किलोमीटर चालवलं. शेवटी सिस्टरांनी एका झाडाखाली थांबून फक्त एवढंच विचारलं, "भाऊ, संडास?" मला ते सुचलंच नव्हतं. शैला त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून हसली.

परत आल्यावर कॉलनीतले लोक आपापल्या सहली घेऊन त्यांच्याकडे येऊ लागले. कुणाची बालीची, कुणाची केरळची. सिस्टर सगळ्यांना कार्डं करून द्यायच्या, दोन्ही बाजूंनी. पण त्या स्वतः पुन्हा कुठे गेल्या नाहीत. खुब्याचं दुखणं वाढलं, जिने जड झाले, आणि दोन वर्षांनी मनमाडला भाचीकडे राहायला गेल्या. सामान बांधायला आम्ही दोघं होतो.

मनमाडला त्यांना भेटायला आम्ही एकदाच गेलो. खूप गप्पा झाल्या, जेवण झालं. आम्ही नको म्हणत असतानाही त्या काठी टेकत स्टेशनपर्यंत पोहोचवायला आल्या. भाची बरोबर होती. ती आमची शेवटची भेट. त्यानंतर चार महिन्यांनी त्या झोपेतच गेल्या, कुणाला काही करायला न लावता.

त्या दिवशी स्टेशनात गाडी उभी होती. शैला खिडकीत बसली होती, सिस्टरांनी गजांतून तिचा हात धरला होता. इकडचं तिकडचं बोलून झालं, आणि मग त्या एकदम म्हणाल्या, "शैला, तुला एक सांगू? त्या सगळ्या बंदरांवर मला फार भीती वाटायची गं. रोज सकाळी शिडी उतरताना वाटायचं, मागे फिरावं. भाषा येत नाही, माणसं ओळखीची नाहीत. लिहून काढलं की थोडी कमी व्हायची, एवढंच."

सिग्नल पडला होता.

"मग तेव्हा का नाही बोललात, सिस्टर?" मी विचारलं.

"बोलले असते तर तुम्ही दोघं उतरला असतात का?" त्या म्हणाल्या, आणि गाडी हलली तसा त्यांनी शैलाचा हात सोडला.