भाऊजींनी विकायला काढलेली मोटारसायकल

मंगळवारी भाऊजी गेले. तेराव्यानंतर दोन दिवसांनी करोलबागच्या डीलरचा फोन आला: मोटारसायकलीला गिऱ्हाईक मिळालं, सहीला या.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उभ्या दिल्लीत त्यांच्याइतकं खरं बोलणारा माणूस नाही, हे मी त्या दिवसापर्यंत पैजेवर सांगितलं असतं. लग्नाच्या पंगतीत वधूपित्याने "श्रीखंड कसं झालंय?" म्हणून विचारलं, तर ते "आंबट" म्हणत आणि आणखी एक वाटी मागून घेत. जयपूरच्या रस्त्यावर हवालदाराने "साठ से ऊपर थे" म्हणून अडवलं, तेव्हा यांनी "बयासी पे था जी" अशी दुरुस्ती केली. हवालदार चलानबुक मिटून तब्येतीची चौकशी करू लागला. दिल्लीच्या द्वारका वस्तीत रस्त्यांच्या आधी सोसायट्या उभ्या राहत होत्या, त्या दिवसांत ते सोसायटीच्या सेक्रेटरीपदाला उभे राहिले आणि भाषणात म्हणाले, "मला हिशेब जमत नाही." त्यांना एकच मत पडलं, आणि ते ताईचं नव्हतं.

गुडगावात नव्या कंपन्या आल्या, पगार वाढले, शेजाऱ्यांनी हप्त्यांवर मोटारी घेतल्या. भाऊजींनी घेतली लांब पल्ल्याची एक अवजड मोटारसायकल. तिच्यावरून ते लडाख, स्पिती, कच्छ एकटे फिरून आले. मग छातीत दुखलं, अँजिओप्लास्टी झाली, आणि ताई म्हणाली, "या घरात ती राहील, नाहीतर मी."

दुसऱ्याच दिवशी भाऊजी गाडी डीलरकडे विकायला ठेवून आले. पण गिऱ्हाईक फसू नये म्हणून दर रविवारी स्वतः दुकानात जाऊन बसत. कुणी गाडीवर टांग टाकली की हे शेजारी हजर. "चेसिस में बाल जितनी दरार है. ठंड में स्टार्ट नहीं होती. तीसरा गियर फिसलता है." गिऱ्हाईक हळूच उतरून जाई. दोन वर्षं हेच चाललं. ताई कपाळावर हात मारून घ्यायची. "यांचा खरेपणा ती गाडी काही विकू देणार नाही!" आम्ही हसायचो.

त्या दिवशी मी ताईला घेऊन गेलो. डीलरने कागद पुढे केले आणि म्हणाला, "आंटीजी, गाड़ी में कभी कुछ था ही नहीं. मैंने पहले दिन चेक की थी. अंकलजी को भी पता था. बोले, घर पे मत बताना."

"मग दोन साल कशाला रखी?" ताईचं हिंदी कोसळलं होतं.

"आते थे, चाय पीते थे," तो म्हणाला. "अच्छा लगता था."

ताई माझ्याकडे वळली. "हे खोटं बोलत होते? माझ्याशी?"  मी तिच्यासाठी खुर्ची ओढली.

गिऱ्हाईक फरिदाबादचं होतं. पूर्वी एकदा येऊन, भाऊजींचं ऐकून परत गेलेलं. त्याने भीतभीत विचारलं, "आंटी, वो दरार?"

ताईने पेन हातात घेतलं. सही करण्यापूर्वी थोडा वेळ गाडीकडे पाहिलं. "दरारबिरार कुछ नहीं," ती म्हणाली. "हमारे ये झूठ बोलते थे." भाऊजींबद्दल इतक्या तोऱ्यात बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

गाडी आता फरिदाबादला आहे. ताई द्वारकेत एकटी राहते. मी अधूनमधून जेवायला जातो. वाढता वाढता ती विचारते, "तुला तरी गाडीचं खरं सांगितलं होतं का रे?" मी नाही म्हणतो. खरंच सांगितलं नव्हतं.