वाऱ्याचे घाट

माझ्या बायकोच्या मामांना घडवताना परमेश्वर बैठक घालायची विसरला असावा, असे माझे प्रामाणिक मत आहे. बहारीनमध्ये मी त्यांना अकरा वर्षे पाहिले, आणि त्या अकरा वर्षांत ते सलग पाव तास एका जागी बसल्याचे मला आठवत नाही. आमटीभात ते उभ्याने जेवत, वर्तमानपत्र खोलीत येरझारा घालत वाचत, आणि सिनेमाला गेले की चांगल्या खुर्चीचे तिकीट काढून सगळा सिनेमा दाराशी उभे राहून बघत. सित्रा बेटावरच्या एका कंपनीत ते ड्राफ्ट्समन होते. ड्राफ्टिंगचे टेबल उंच असते आणि तिथे उभ्याने काम चालते, एवढ्याच कारणाने ती नोकरी टिकली. सकाळी कंपनीची बस उम्म अल हस्सम या आमच्या वस्तीतून निघायची. पूल ओलांडला की मामा ड्रायव्हरला "यल्ला भाई, बाजूला घे" म्हणून खाली उतरत आणि उरलेला रस्ता उन्हात चालत जात. ते पोचेपर्यंत बाकीच्यांचा पहिला चहा झालेला असे. घरे तर त्यांनी सहा बदलली. मालकाशी भांडण नाही, पाण्याची तक्रार नाही. "खिडकीतून तेच ते दिसायला लागलं," एवढे एकच कारण. सामान वाहायला दरवेळी मी.

देवरुखला मामी होत्या, दोन मुली होत्या. दर दोन वर्षांनी मामा दोन महिन्यांच्या रजेवर घरी जात. पहिला आठवडा कौतुकात सरे. तिसऱ्या आठवड्यात ते परतीच्या विमानाची चौकशी करायला उगीचच रत्नागिरीला जाऊन येत. आणि इथे परतले, की चौथ्याच दिवशी मुलींच्या आठवणीने कासावीस होऊन आमच्या दारात उभे राहत. "इथे असलो की तिथे, तिथे असलो की इथे," ते म्हणत. "माझं स्टेशनच लागत नाही, जावईबुवा. नुसती खरखर."

ते स्टेशन शेवटी लागले, तेही भलतीकडचे. कंपनीत एक आयरिश सुपरवायझर होता. टोमॅटोसारखा लालबुंद, मोठ्या आवाजाचा, आणि मनातून घराची ओढ लागलेला. तरुणपणी तो विकलो नावाच्या डोंगराळ भागात सायकल हाणत असे. जेवणाच्या सुट्टीत तो गारव्यासाठी मामांच्या खोलीत येई आणि ट्रेसिंग पेपरच्या तुकड्यांवर आपल्याकडचे रस्ते काढून दाखवी. एनिस्केरी गावातून निघायचे, ग्लेनक्रीची दरी डावीकडे ठेवायची, मग चढ, मग आणखी चढ, मग सॅली गॅप नावाची खिंड, आणि तिथून लारा गावापर्यंत उतारच उतार. दोन्ही बाजूंना दगडी बांध, बांधापलीकडे मेंढ्या. मामा ते वेडेवाकडे तुकडे संध्याकाळी घरी आणत आणि त्यांच्यावरून शाईने पक्की ड्रॉइंगे करत. वळणे मोजून, चढाचे कोन टाकून, मेंढ्यांसकट. न पाहिलेल्या देशातला एकेक पूल त्यांना पाठ झाला. निवृत्त होऊन घरी जाताना त्या आयरिशाने आपली वाकड्या हँडलची सायकल मामांना देऊन टाकली. "ये एकदा," तो म्हणाला, "रस्ता तर तुला माहीतच आहे."

त्यानंतर दर शुक्रवारी पहाटे मामा आयर्लंडला जाऊ लागले. ड्रॉइंग हँडलला कपड्यांच्या चिमट्यांनी लावलेले, डोक्यावर ओला पंचा. आता बहारीन म्हणजे परातीसारखा सपाट देश, चढ आणायचा कुठून? मामांनी तोड काढली. उत्तरेकडून येणाऱ्या शमाल वाऱ्याला त्यांनी घाट ठरवले. नकाशात चढ आला की वाऱ्याकडे तोंड करून पायडल मारायचे, उतार आला की पाठ फिरवायची. त्यामुळे विकलोचा रस्ता प्रत्यक्षात सनद नावाची शेजारची वस्ती आणि उम्म अल हस्सम यांच्यामध्ये गरगर फिरायचा. एकदा मीही उसनी सायकल घेऊन गेलो. अर्ध्या तासात माझ्या घशात वाळू आणि पोटऱ्यांत गोळे. "मामा, वळू या ना!" मी ओरडलो. "वेडा आहेस काय? खिंड अजून तीन मैल आहे!" ते वाऱ्यात ओरडले. एकाच चौकातून आम्ही तिसऱ्यांदा गेल्यावर पोलिसाने अडवले आणि कुठे चाललात म्हणून विचारले. मामांनी खरे ते सांगितले, "आयर्लंड." पोलिसाने ड्रॉइंग उलटेसुलटे करून पाहिले, मग मामांच्या घामेजल्या तोंडाकडे पाहिले. "आयर्लंड मफी, इथे नाही," तो समजुतीने म्हणाला, "हे सनद आहे." तरी मामा पुढे निघालेच. सनदच्या दुकानदाराला, एका मल्याळी माणसाला, त्यांनी त्याचे दुकान म्हणजेच लारा गाव असल्याचे पटवून दिले होते. तोही चहा पुढे करत गंभीरपणे विचारी, "आज उधर बारिश है क्या, साब?"

असे चार-पाच वर्षे चालले. मग एका रजेच्या वेळी मामा आमच्याकडे आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "यंदा तिकडे जाऊन येतो. पंधरा दिवस." माझी बायको खवळली. "मामा, दोन वर्षांनी तुझी रजा येते. मामी दिवस मोजतेय तिकडे. त्यातले पंधरा दिवस तू मेंढ्यांना देणार?" मामांनी मामींना सगळे खरेखरे लिहिले. उत्तर आले ते दोन ओळींचे, आणि मामांनी ते आम्हाला वाचून दाखवले. "जाऊन या. इथे येऊनही तुम्ही इथे नसताच, त्यापेक्षा एकदा तिथे जाऊन बघा."

ते गेले, तिथून देवरुखला गेले आणि रजा संपवून परतले ते इतके गप्प, की आम्हाला आजारपणाची शंका आली. चार दिवसांनी हकिगत बाहेर आली. पहिल्या दिवशी, पहिल्याच चढावर, दोन फर्लांगांत मामा सायकलवरून उतरले होते. वारा वेगळा आणि डोंगर वेगळा. "पाय लटपटायला लागले रे. एक म्हातारी पिशवी घेऊन माझ्या पुढे निघून गेली." रोज ते थोडे थोडे वर जात राहिले. त्या आयरिशाचे गुडघे गेले होते, तो आपल्या जुन्या मोटारीतून मागून येई. आठव्या दिवशी मामा खिंडीत पोचले. धुके इतके दाट की हात दिसेना. दरी नाही, मेंढ्या नाहीत, काही नाही. दोघे मोटारीत बसून थर्मासमधला चहा पीत राहिले.

"तिथे तो बोलला," मामा म्हणाले. "त्याची बायको वारली, तो इथून जाण्याच्या आदल्या वर्षी. मला त्याने कधी सांगितलंच नव्हतं. जन्मभर म्हणे ती याची वाट बघत होती, आणि हा इथे सित्रात बसून मला तिच्या घराकडचे रस्ते काढून दाखवत होता. आता रोज त्या रस्त्यावर आहे, तर म्हणतो, करमत नाही. मला म्हणाला, सित्राचं काहीतरी सांग. ती बस अजून येते का? तो तेलाचा वास? मी सांगत बसलो. दोन तास."

"मग?" बायकोने विचारले.

"मग काय. तो घरी पोचला तेव्हा घरात कुणी नव्हतं," मामा म्हणाले. "माझ्या घरात अजून आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. मॅनेजरने पगार वाढवतो म्हटले, व्हिसाचे आणखी एक वर्ष सहज मिळेल म्हटले. मामांनी सगळे नीट ऐकून घेतले आणि "खलास, साहेब" एवढेच म्हणाले. तीन महिन्यांनी आम्ही त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. बरोबर एकच बॅग आणि मामींसाठी घेतलेले शिवणयंत्र. त्याचे खोके ते कुणालाच उचलू देईनात. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ राहू दिला. "तुझं बघ हं, कधी परतायचं ते," ते म्हणाले. मग ते आत गेले. चालण्यात घाई होती, पण ही घाई मी आधी पाहिलेली नव्हती.

मोटारीत मागच्या सीटवरून आमच्या मुलीने विचारले, "व्हेन इज ही कमिंग बॅक?"

मी सवयीने "इंशाल्ला" म्हणणार होतो. तेवढ्यात बायकोच म्हणाली, "नाही येणार. आणि येऊही नये." मग तिने तोंड खिडकीकडे फिरवले.

मी गाडी सुरू केली, पहिल्या गिअरमध्ये टाकली, आणि घरी जायला डावीकडे वळायचे की उजवीकडे, हे मला काही केल्या आठवेना.