त्सुकुबातला कोरडा दिवस

नव्वदच्या दशकात नवऱ्याच्या नोकरीमागून मी जपानमधल्या त्सुकुबा या विज्ञाननगरीत आले. तिथे ज्याला त्याला पीएच.डी. होती. मला नव्हती, म्हणून एका संशोधन संस्थेत 'बाइतो', म्हणजे अर्धवेळ काम मिळालं: डासांच्या प्रयोगशाळेत भांडी धुणं.

प्रयोगशाळा पन्नाशीच्या, मितभाषी बाईंची होती. सगळे त्यांना सेन्सेई, म्हणजे गुरू, म्हणत. दक्षिणेकडच्या एका उष्ण बेटावर पावसाळाभर झाडांच्या ढोलींतलं पाणी उपसत हिंडून त्यांनी एका जातीचे डास आणले होते. त्या डासांमुळे ताप पसरतो का, हे शोधायचं होतं. बाईंचा करार वर्षावर्षाचा. दरवर्षी एक समिती येणार, डासांची जिवंत पैदास बघणार आणि मगच तो वाढवणार.

समिती यायच्या आठवड्यात संस्थेचं लग्नघर झालं. पाहुण्यांच्या सपाता मापाप्रमाणे लागल्या. संचालक 'डास आणि मानवजात' या भाषणाची बंद दाराआड तालीम करत. दार पातळ होतं. डास वाढवायची उबदार खोली पुसायला काढली, म्हणून तिथले तीन ट्रे बाहेर खिडकीशी आले. माझा कामाचा दुसराच आठवडा. मला दिसलं ते गढूळ पाणी आणि त्यात वळवळ.

माहेरी आम्ही आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळायचो. पिंपं उपडी करायची, साठलेलं पाणी ओतायचं, डासांना थारा नाही. हात आपोआप चालले. तिन्ही ट्रे सिंकमध्ये ओतले, रिकाम्या पिंजऱ्यातल्या कपांसह कढत पाण्याने धुतले, आणि स्वतःवर खूश झाले.

सेन्सेई आल्या. "इथले ट्रे?"

"धुतले."

"आणि अळ्या?"

मी सिंककडे बघितलं. त्या स्टुलावर बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पिंजऱ्यातले मोठे डास आधीच मेले होते; पुढची पिढी म्हणजे ते तीन ट्रे.

मग त्यांनी विचारलं, "पिंजऱ्यातल्या कपांमधले ओले कागद? तेही टाकले असतील."

"नाही. ओला कागद कुठल्या कचऱ्यात टाकायचा ते कळेना. इथे प्रत्येक कचऱ्याची पिशवी वेगळी, आणि शेजारणीने एकदा माझी ओली पिशवी दारात परत आणून ठेवली होती. तेव्हापासून मी सगळं आधी वाळवते."

दारामागे दोरीवर कागद चिमट्यांनी लटकत होते, घरच्या रुमालांसारखे. त्यांवर खसखशीएवढे काळे ठिपके. सेन्सेईंनी भिंग लावलं आणि मी त्यांना पहिल्यांदाच हसताना ऐकलं.

"ही अंडी वाळली तरी मरत नाहीत. ढोली कोरडी पडली की पावसाची वाट बघतात. पाणी आणा. आणि कृपा करून ओतू नका."

समिती आली तेव्हा संचालकांनी मानवजातीवर बोलून घेतलं. मग अध्यक्ष ट्रेवर वाकले. "फारच लहान आहेत."

"कालच बाहेर आल्या," सेन्सेई म्हणाल्या. "आधीच्या अळ्या चुकून ओतल्या गेल्या. अंडी मात्र वाळूनही जगली."

कोणाच्या चुकीने, ते त्यांनी सांगितलं नाही. मी सपाता मोजत होते. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुन्हा वाकले, आणि बराच वेळ वर आलेच नाहीत.

करार एक वर्ष वाढला. दुसऱ्या दिवशी सेन्सेईंनी माझ्याकडून प्रत्येक ट्रेसाठी मराठीत चिठ्ठी लिहून घेतली: 'ओतू नये.' त्या इमारतीत मराठी वाचणारी मी एकटीच होते.